मॅनेजर त्यांचा, भांडण आमचं

निर्मल हे गाव फुटबॉलसाठी प्रसिद्ध नाही. ते प्रसिद्ध आहे लाकडी खेळण्यांसाठी. हलक्या लाकडाची, हुबेहूब फळं-भाज्या-पक्षी वाटणारी ती रंगीत खेळणी तुमच्यापैकी कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये असतीलच. हे गाव २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता स्वतःच जिल्ह्याचं ठिकाण झालंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये भाचीच्या मुलाचा अक्षरारंभ करायला आम्ही सगळे बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गेलो होतो. 'एवढं आलोच आहोत तर खेळणी घेऊ' म्हणून बायकामंडळींनी गाडी निर्मलकडे वळवायला लावली. त्या दुकानात शिरल्या आणि मी समोरच्या टपरीवर चहा प्यायला बसलो.

टपरीवर पाच-सहा पोरं. कॉलेजातली असावीत. दोघांच्या अंगावर मँचेस्टर युनायटेडची लाल जर्सी. बोलणं तेलुगू, दखनी आणि आमच्या नांदेडकडची वाटावी अशी मराठी यांचं मिश्रण. एका वाक्यात तीन भाषा, आणि गंमत म्हणजे कुठेच खटकत नव्हतं. विषय? मँचेस्टर युनायटेडचा नवा मॅनेजर! टेन हागला ऑक्टोबरच्या शेवटी काढलं होतं आणि लिस्बनच्या स्पोर्टिंगकडून रुबेन आमोरिम नुकताच आला होता. त्याची तीन बचावपटूंची पद्धत इंग्लंडात चालेल का, ब्रुनो फर्नांडिसला कुठे खेळवायचं, मालक पैसे देतील का, किती महिन्यांत हकालपट्टी होईल... असा वाद रंगला होता. एकजण म्हणत होता की फर्ग्युसनलाही पहिला चषक मिळायला साडेतीन वर्षं लागली, ह्यालाही वेळ द्या. दुसरा म्हणत होता, वेळ देऊन देऊनच आपलं वाटोळं झालं. *आपलं* वाटोळं! हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

खरं सांगतो, माहिती पक्की होती पोरांची. माझ्याहून जास्त. मी गोव्याचा म्हटल्यावर तर त्यांना आनंदच झाला. "काका, मग तुमचं न् त्याचं नातं पोर्तुगालचं. तुम्हीच सांगा, टिकेल का हा?" मी म्हटलं, "बाबांनो, माझं नातं साळगावकर-धेंपोशी. लिस्बनचं मला काय विचारता?" हशा झाला. मग मी सहज विचारलं, "तुमच्या हैदराबाद एफसीचा कोच कोण आहे रे सध्या?"

शांतता. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने मोबाईल काढला. तिसरा म्हणाला, "ती टीम अजून आहे का?"

त्या तिसऱ्या पोराला मी दोष देत नाही. उलट त्या टपरीवरचा सगळ्यात नेमका प्रश्न त्यानेच विचारला होता. पण हा लेख त्या शांततेबद्दल आहे.

निर्मलपासून हैदराबाद सुमारे दोनशे किलोमीटर. हमरस्ता सरळ तिथे जातो. आणि हे हैदराबाद म्हणजे फुटबॉलच्या नकाशावरचं काही सोमंगोमं ठिकाण नव्हे. सय्यद अब्दुल रहीम नावाचा एक शिक्षक याच शहरातला. १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडवला. या संघाने मुंबईत येऊन १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स कप उचलला. मुंबईत, मुंबईकरांच्या नाकावर टिच्चून! रहीमसाहेब भारताचेही प्रशिक्षक होते. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक त्यांच्या नावावर आहे. त्या मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा आपला गोंयकार. १९६२ नंतर आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही. एवढा मोठा 'मॅनेजर' ज्यांच्या राजधानीत होऊन गेला त्यांना मँचेस्टरच्या मॅनेजरची जन्मकुंडली पाठ, आणि स्वतःच्या संघाचा कोच शोधायला गूगल! 'पिकतं तिथे विकत नाही' ही म्हण फक्त आंब्या-फणसांसाठी नाही.

आता या 'अजून आहे का' म्हणवल्या गेलेल्या संघाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती महाराष्ट्रात सुरू होते आणि गोव्यातून जाते. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा पुण्याला एक संघ मिळाला, एफसी पुणे सिटी. बालेवाडीच्या मैदानावर खेळायचा. २०१९ मध्ये मालकांनी तो गुंडाळला आणि त्याची जागा व बरेचसे खेळाडू घेऊन हैदराबाद एफसी उभा राहिला. पहिल्या मोसमात हा संघ तळाला होता. मग २०२० मध्ये मानोलो मार्केझ नावाचा स्पॅनिश कोच आला. बार्सिलोनाच्या माणसाला भारतात कोण ओळखत होतं? पण त्याने तरुण भारतीय पोरांवर विश्वास टाकला, आणि २० मार्च २०२२ ला हैदराबाद आयएसएलचा विजेता झाला.

तो अंतिम सामना आमच्या फातोर्ड्यात झाला. केरळच्या पिवळ्या समुद्रासमोर. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरी साधली साहिल तावोराने. हा गोव्याचा. पेनल्टीत तीन फटके अडवले लक्ष्मीकांत कट्टीमनीने. हाही गोव्याचा. आणि हाच कट्टीमनी २०१५ च्या अंतिम सामन्यात, याच फातोर्ड्यात, एफसी गोवाच्या गोलात उभा होता. शेवटच्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडूनच आपल्या जाळ्यात गेला, चेन्नईने ३-२ ने सामना मारला आणि त्या रात्री आम्ही गोंयकारांनी या माणसाला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सहा वर्षांनी त्याच मैदानावर तो दुसऱ्या शहराचा नायक झाला. खेळातली याहून मोठी गोष्ट तुम्हाला मँचेस्टरमध्ये तरी मिळेल काय?

आणि पुढे? पुढच्या मोसमात हैदराबाद पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर. मग २०२३ मध्ये मानोलो एफसी गोवात आला आणि तिकडे घराचे वासे फिरले. पगार थकल्याच्या बातम्या आल्या. परदेशी खेळाडू निघून गेले. नवे खेळाडू नोंदवायला बंदी आली. थांगबोई सिंग्तो या भारतीय कोचने उरलेल्या कोवळ्या पोरांना घेऊन २०२३-२४ चा मोसम खेळून काढला. अख्ख्या मोसमात एक विजय. मी म्हणतो, त्या वर्षी भारतातला सगळ्यात कठीण मॅनेजरी कोणी केली असेल तर या माणसाने केली. त्याच्या 'पद्धतीवर' कुठल्या टपरीवर वाद झाला? मालक बदलले. शेवटी २०२५ मध्ये संघ नाव बदलून दिल्लीला हलवला गेला. म्हणजे पुण्याचा संघ हैदराबादला, हैदराबादचा दिल्लीला. आणि दिल्लीत आधी जो संघ होता तो २०१९ मध्येच भुवनेश्वरला गेलेला! लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्या कंत्राटदार एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये नेतो, तसे हे क्लब फिरतायत. मांडवाखाली कोण बसलं होतं याच्याशी कंत्राटदाराला काय घेणंदेणं?

आणि हे घडत असताना हैदराबादेत किती आरडाओरडा झाला? थोड्या निष्ठावंत चाहत्यांनी केला, त्यांना माझा नमस्कार. पण चारमिनारचं शहर पेटून उठलं असं काही झालं नाही. ज्या गोष्टीबद्दल कुणी भांडत नव्हतं ती गेली, तर रडायला कोण येणार?

इथवर वाचून माझे गोंयकार मित्र खूश झाले असतील. 'ते तिकडचे लोक, त्यांना काय कळतंय फुटबॉल! आमचं बघा.' बघूया, आमचंही बघूया.

१८८३ मध्ये एका इंग्रज पाद्रीने शिवोलीत चेंडू आणला असं आपण अभिमानाने सांगतो. फुटबॉल हा आपला राज्य-खेळ. भाताची कापणी झाली की शेतात गोलपोस्ट उभे राहतात. सगळं खरं. आता हे आठवा. ३१ जानेवारी २०२० ला एफसी गोवाने सर्जियो लोबेराला काढलं. संघ गुणतक्त्यात वर होता, साखळीचे तीन सामने बाकी होते. लोबेराचा खेळ देखणा होता, लोकांना राग येणं स्वाभाविक होतं. त्या तीन सामन्यांसाठी आपल्याच क्लिफर्ड मिरांडाला 'हंगामी' म्हणून बसवलं. गड्याने तिन्ही जिंकले. पहिलीवहिली लीग शील्ड गोव्याला मिळाली आणि २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. मग मोसम संपल्यावर आपण कशाची चर्चा केली? पुढचा स्पॅनिश कोण? हुआन फेर्रांदो आला. तो डिसेंबर २०२१ मध्ये मोसम अर्धा टाकून मोहन बागानच्या संघाकडे निघून गेला. तेव्हा पुन्हा धावाधाव आणि पुन्हा आपल्याच डेरिक परेराच्या हातात सुकाणू.

हा 'हंगामी' शब्द आपल्याकडे फार ओळखीचा आहे. सरकारी खात्यात पंधरा-पंधरा वर्षं हंगामी राहिलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. काम सगळं करायचं, पाटी मात्र दुसऱ्याच्या नावाची. भारतीय फुटबॉलमध्ये भारतीय कोच हा असा हंगामी कर्मचारी आहे. परदेशी माणूस आला की त्याच्याजवळ 'तत्त्वज्ञान' असतं, त्याचा 'प्रकल्प' असतो, त्याला 'वेळ' लागतो. आपला माणूस आला की तो 'सध्यापुरता' असतो. क्लिफर्ड पुढे ओडिशात गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये, पुन्हा हंगामी म्हणूनच, त्या क्लबला त्याचा पहिला मोठा चषक, सुपर कप, जिंकून दिला. मला सांगा, त्या रात्री आपल्या तिंट्यावर किती जणांनी फटाके लावले? त्याच सुमारास आर्सेनलचं विजेतेपद हातचं जातंय म्हणून हळहळणारे मात्र मी डोळ्यांनी पाहिलेत, कानांनी ऐकलेत. आर्टेटाने काय चूक केली याचं विश्लेषण मी म्हापशात मासळी घेताना ऐकलंय!

गैरसमज नको. मी परदेशी कोचच्या विरोधात नाही. मानोलो मार्केझ उत्तम कोच आहे. मे २०२५ मध्ये त्याने एफसी गोवाला सुपर कप जिंकून दिला. त्याच काळात तो भारताच्या संघाचाही प्रशिक्षक होता. तिथे त्याला यश आलं नाही, तर जुलै २०२५ मध्ये तो त्या पदावरून बाजूला झाला. त्याच्या जागी आला मुंबईचा खालिद जमील. हा तोच जमील, ज्याने २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली होती. आणि हे ऐझॉल आधीच्या मोसमात खालच्या श्रेणीत घसरलं होतं. त्यांना परत वर जागा का मिळाली? कारण २०१६ मध्ये आमच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवाने आय-लीगमधून अंग काढून घेतलं. पुढे धेंपोही बाहेर पडला. आम्ही सोडलेल्या पानावर बसून ते पोट भरून जेवले. त्या माघारीवेळी गोव्यात किती मोर्चे निघाले? धेंपो म्हणजे २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेता. आर्मांदो कुलासो या एका माणसाने ते पाच किताब आणले. असा क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून निघाला आणि आम्ही संध्याकाळी टीव्ही लावून चेल्सीचा सामना पाहिला.

याच आर्मांदोबाबची आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांना कोलकात्याच्या ईस्ट बंगालने बोलावलं. आधीचा ब्राझिलियन कोच गेला होता. एवढ्या मोठ्या क्लबचा नवा मॅनेजर, आणि तो गोंयकार! तिकडच्या लोकांनी या माणसाची साल काढली, त्याला डोक्यावर घेतलं, पुन्हा साल काढली. संघ त्या मोसमात दुसरा आला. २०१५ च्या फेब्रुवारीत आर्मांदो गेले. पण एक लक्षात घ्या: कोलकात्यातला माणूस ईस्ट बंगालच्या कोचवर भांडतो तेव्हा त्याच्या भांडणाला वजन असतं. तो क्लबच्या तंबूसमोर जाऊन उभा राहतो, पदाधिकाऱ्याला त्याचं तोंड चुकवता येत नाही. त्याच्या शिवीलाही किंमत आहे. निर्मलच्या टपरीवरून किंवा मडगावच्या बारमधून आमोरिमला दिलेली शिवी ही हवेत मारलेली लाथ. तिने ना चेंडू हलत, ना मॅनेजर.

आता मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. पहिला आक्षेप: 'तिकडचा खेळ चांगला आहे म्हणून बघतो. चांगलं ते बघू नये?' जरूर बघा. मीही बघतो. पण एक विचारू? मुंबईची नाटकं आपल्या गावच्या नाटकांपेक्षा सफाईदार असतात हे आपल्याला शंभर वर्षांपासून माहीत आहे. म्हणून आपण जत्रेतलं नाटक बंद केलं काय? अजूनही देवळासमोर रात्र रात्र नाटक होतं. यंदा दिग्दर्शन कुणाकडे यावर गावात दोन तट पडतात, कुणी तीन महिने एकमेकांशी बोलत नाहीत. वास्कोच्या भजनी सप्ताहात मोठमोठे गवई गाऊन जातात, आणि त्याच गावातला दुकानदार दुसऱ्या दिवशी आपल्या वाड्यावरच्या पोराने तोच अभंग कसा म्हटला यावर तावातावाने बोलतो. भीमसेन जोशी ऐकले म्हणून आपल्या भजनी मंडळाच्या बुवाचं नाव आपण विसरलो नाही. उलट भीमसेन ऐकल्यामुळे आपल्या बुवाकडून अपेक्षा वाढल्या. फुटबॉलमध्येच नेमकं उलटं का व्हावं? तिकडचं बघून आपला डोळा तयार झाला असेल तर तो तयार डोळा धुळेरच्या मैदानावर कधी आणणार?

दुसरा आक्षेप जास्त मनाला लागणारा आहे: 'प्रेम कुणावर बसावं हे का ठरवून होतं? मी लहानपणापासून मँचेस्टरचा.' मान्य. प्रेमाची मी चेष्टा करणार नाही. त्या पोराचं *आपलं वाटोळं* हे दोन शब्द खरे होते, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मग पुरतं मँचेस्टरकर व्हा की! मँचेस्टरचा चाहता नुसता मॅनेजरवर बोलत नाही. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला तेव्हा चिडलेल्या काही चाहत्यांनी बाहेर पडून स्वतःचा वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, आणि अगदी खालच्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बड्या मालकांनी आपली वेगळी 'सुपर लीग' जाहीर केली तेव्हा इंग्लंडमधले चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत इंग्लंडच्या सहाही क्लबांना माघार घ्यावी लागली. २ मे २०२१ ला युनायटेडचे चाहते थेट ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. ते बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण त्यांच्यासाठी 'मॅनेजर कोण' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न 'क्लब कुणाचा?'

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आपण मँचेस्टरचा मॅनेजर आयात केला, जर्सी आयात केली, शिव्यासुद्धा आयात केल्या. फक्त मँचेस्टरचा चाहता तेवढा आणायचा राहिला. मॅनेजरवर वाद घालणं ही चैन आहे. ज्यांचा क्लब उद्या सकाळी जागेवर असणार याची खात्री आहे, त्यांना ती परवडते. आमोरिम जानेवारी २०२६ मध्ये गेला. मँचेस्टर युनायटेड आहे तिथेच आहे. हैदराबादेत मात्र मॅनेजर गेला आणि मागोमाग क्लबच गेला.

गोव्याची पाळी येणार नाही असं समजू नका. जुलै २०२५ मध्ये कराराच्या भांडणात आयएसएल अनिश्चित काळासाठी थांबली. कुठल्या क्लबने सराव थांबवला, कुठे पगार थांबले. देशातले पहिल्या दर्जाचे फुटबॉलपटू घरी बसून कोर्टाच्या तारखा वाचत होते. त्या दिवसांत आपल्याकडे सगळ्यात गरम विषय कोणता होता? रोनाल्डो गोव्यात येणार का! आशियाई स्पर्धेत एफसी गोवाच्या गटात अल नासर आला होता. २२ ऑक्टोबरला फातोर्ड्यात सामना झाला. रोनाल्डो आला नाही. हळहळ काय, संताप काय! पण त्या संध्याकाळी अल नासरसारख्या धनाढ्य संघाविरुद्ध गोव्याचा एकमेव गोल मारला ब्रायसन फर्नांडिसने. आपल्या घरच्या पोराने. सामना १-२ ने गेला, एका गोलाने. जो आला नाही त्याच्याबद्दल महिनाभर बोललो, जो खेळला त्याच्याबद्दल किती दिवस बोललो? ज्याचा त्याने हिशेब करावा.

मग करायचं काय? मोर्चा काढा असं मी म्हणत नाही, गोंयकाराला दुपारचा मोर्चा मानवत नाही हे मला ठाऊक आहे. पण एवढं तरी करूया. पुढच्या वेळी तिंट्यावर कुणी लंडन-मँचेस्टरच्या नव्या मॅनेजरचा विषय काढला तर मनसोक्त भांडा, आणि भांडून झालं की त्याला एक प्रश्न विचारा: आपल्या गावच्या क्लबचा कोच कोण? त्याला पगार वेळेवर मिळतो का? मग हळूहळू तोच प्रश्न मोठ्या क्लबांना विचारा. मालक कोण, हिशेब कुठे, पोरांची अकादमी चालते का, आपल्या कोचना 'हंगामी'च्या पुढे नेणार की नाही. मालकाला हे प्रश्न कानावर पडायला लागले की संघ उचलून दुसऱ्या शहरात नेण्याआधी तो दोनदा विचार करेल. गपगार गावातून बिऱ्हाड हलवणं सोपं असतं. जिथे दहा माणसं ओट्यावर येऊन 'कुठे चाललात?' म्हणून विचारतात तिथून ते हलवणं जड जातं.

निर्मलच्या त्या पोरांकडे जाता जाता पुन्हा वळतो. मी त्यांना रहीमसाहेबांबद्दल सांगितलं, कट्टीमनीची गोष्ट सांगितली. ती रंगून ऐकली त्यांनी. एकाने विचारलं, "मग काका, हैदराबादला मॅच बघायला जायला तिकीट किती असतं?" मी म्हटलं, "जाऊन बघ, मँचेस्टरच्या तिकिटापेक्षा स्वस्तच असणार." "पुढच्या महिन्यात जाऊ," असं त्यांचं आपापसात ठरलंही. ते गेले की नाही मला कळलं नाही. जायचं राहिलं असेल, तर आता जायला हैदराबादेत तो संघ नाही.

आमच्या फातोर्ड्यात मात्र अजून आहे.